पेरणी 11 टक्क्यांवर, वेचणी शून्यावर: व्यापार करार, अधिसूचना आणि आपला कापूस

काळी माती (घाटंजी तालुका)

नमस्कार. आमच्या गावात सध्या पारावर, किराणा दुकानात आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, बांधावर एकच वाक्य ऐकू येते, की सरकारने परदेशाशी करार केला म्हणून कापूस पडला. कोणता करार आणि कोणाशी, असे विचारले तर एक जण अमेरिकेचे नाव घेतो, दुसरा ऑस्ट्रेलियाचे, तिसरा इंग्लंडचे. मी नऊ एकरांत कापूस आणि तूर घेते, त्यांपैकी चार एकर ठोक्याचे, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याकडून कसायला घेतलेले आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला नुसत्या गप्पांपुरता सोडता येईना. गेले तीन आठवडे रात्री भांडी आटोपल्यावर जे हाती लागले ते वाचत बसले. त्यातून जे कळले ते येथे मांडते. चुकले असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे.

पहिली गोष्ट अशी, की 2025च्या हंगामातील घसरणीला ज्या निर्णयाचा हात लागला तो मुळात करार नव्हताच. फेब्रुवारी 2021च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर मूळ शुल्क 5 टक्के, कृषी पायाभूत सुविधा उपकर 5 टक्के आणि या दोहोंवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, असे मिळून 11 टक्के शुल्क लावले गेले. 2025च्या जूनमध्ये आपण सरकी डोबली, म्हणजे बी टोचून लावले, तेव्हा ते शुल्क लागू होते. 19 ऑगस्ट 2025पासून अर्थ मंत्रालयाच्या एका अधिसूचनेने ते 30 सप्टेंबरपर्यंत उठवले आणि दहाच दिवसांत ती मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. आपली पहिली वेचणी सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातील पूजा, करून दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते. म्हणजे पेरणी 11 टक्क्यांच्या आडोशाने झाली आणि वेचणी शून्यावर आली.

लोकांचा गोंधळ का झाला तेही उलगडते. 24 जुलैला इंग्लंडशी करारावर सह्या झाल्या, 19 ऑगस्टला शुल्क गेले आणि 27 ऑगस्टपासून अमेरिकेने आपल्या मालावर एकूण 50 टक्के शुल्क लावले. पाच आठवड्यांत तीन बातम्या आल्या आणि गावाने तिघींची एकच मोट बांधली. प्रत्यक्षात पहिली बातमी दोन देशांच्या सह्यांची आहे, दुसरी दिल्लीतील एका कागदाची आहे आणि तिसरी वॉशिंग्टनच्या एकतर्फी निर्णयाची आहे.

यावरून माझ्या मनात जी शंका उभी राहिली आहे ती अशी: कराराला निदान वाटाघाटी असतात, टप्पे असतात, बाहेर पडण्याची रीत असते, आणि गुंतवणूकदार कंपनीला तर धोरण बदलले म्हणून भरपाई मागण्याचीही सोय असते असे वाचले. आपल्याला मात्र राजपत्रातील एक पान पुरते. मग आपले नुकसान करारांनी जास्त केले की या अधिसूचनांनी?

रेचा (हिंगणघाट)

ताई, तुमची तारखांची मांडणी बरोबर आहे. मी वीस वर्षे जिनिंगच्या हिशेबात आहे, म्हणून त्यात पैशांची बाजू जोडतो.

एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. समजा, बाहेरची रुई बंदरावर किलोला 150 रुपयांनी पडते. तिच्यावर 11 टक्के म्हणजे साडेसोळा रुपये. 34 किलोंचे झाले 561 रुपये. एका क्विंटल कापसामागे एवढ्या रकमेचा आडोसा होता आणि तो एका दिवसात गेला. ही सगळी रक्कम शेतकऱ्याच्याच भावातून गेली असे मी म्हणणार नाही, कारण सरकीचा भाव, अमेरिकी वायदे आणि डॉलर यांचाही त्यात वाटा असतो. तरी खेडा खरेदीवाला गाडी घेऊन दारात येतो तेव्हा त्याने बंदरावरचा भाव सकाळीच फोनवर पाहिलेला असतो, एवढे खरे.

दुसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. शुल्क उठवताना कारण दिले गेले ते निर्यातदार कापड उद्योगाला दिलासा देण्याचे. परंतु जो कारखाना परदेशात माल पाठवतो त्याला ॲडव्हान्स ऑथरायझेशन योजनेखाली कच्चा माल पूर्वीपासूनच बिनशुल्क आणता येत होता. म्हणजे सरसकट माफीचा नवा लाभ मुख्यतः देशांतर्गत बाजारात सूत विकणाऱ्या गिरण्यांना झाला. त्यांची अडचण खोटी आहे असे नाही. त्यांनाही स्पर्धा आहे. पण कारण एक आणि लाभार्थी दुसरा, असे झाले की संशय वाढतो.

ऑस्ट्रेलियाचेही सांगून टाकतो, कारण आमच्या फाटकावर रोज त्याचा उद्धार होतो. 2 एप्रिल 2022ला सही झालेला आणि 29 डिसेंबर 2022पासून लागू झालेला तो करार वर्षाला 51,000 टन ऑस्ट्रेलियन रुई बिनशुल्क येऊ देतो. 170 किलोंच्या गाठीने त्या 3 लाख गाठी होतात. देशाचे उत्पादन सुमारे 300 लाख गाठींचे आहे. शंभरात एक. शिवाय तो लांब धाग्याचा, काडीकचरा नसलेला माल आपल्या मध्यम धाग्याच्या कापसाच्या थेट आड येत नाही. त्याच्या उलट, शुल्कमाफीच्या काळात ब्राझील, अमेरिका, आफ्रिका, कोठूनही कितीही गाठी येऊ शकतात. त्यांना कोटा नाही.

आणि शुल्क काढणे हेच पाप आहे असेही नव्हे. 14 एप्रिल 2022ला शुल्क काढले होते तेव्हा रुईच्या खंडीचा (सुमारे 356 किलोंचा) भाव चढत होता आणि मे महिन्यात तो लाखावर गेला. त्या वेळी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरातला कापूस विकून झालेला होता. तो निर्णय कोणाला टोचला नाही. तोच निर्णय ऑगस्टमध्ये घेतला की टोचतो.

नवीन सदस्य

हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये 2025-26च्या हंगामासाठी जाहीर झाला. सरकार त्या भावाने खरेदी करणार असेल तर आयात शुल्क असले काय आणि नसले काय, शेतकऱ्याला फरक पडण्याचे कारण दिसत नाही.

काळी माती (घाटंजी तालुका)

भाऊ, कागदावर तुमचे म्हणणे बिनतोड आहे. यंदा त्यासाठी मोबाईलवरील ॲपमध्ये नोंदणी लागली, सातबाऱ्यावर कापसाचा पेरा दिसावा लागला आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत असावा लागला. माझ्या ठोक्याच्या चार एकरांचा सातबारा माझ्या नावाचा नाही. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेली पहिली वेचणी मी केंद्रावर नेली, तेथील यंत्राने 16 दाखवले आणि गाडी परत आली. ती मी शेवटी व्यापाऱ्याला दिली. दिवाळीची उधारी आणि वेचाईची मजुरी, दोन्ही त्याच कापसावर होत्या. वाळवून पुन्हा रांगेत लागण्याएवढे दिवस माझ्याजवळ नव्हते. त्या व्यापाऱ्याच्या भावाला शुल्काचा फरक पडतो.

संत्राबाग (वरूड)

कापूसवाल्यांच्या धाग्यात आंबिया बहार, म्हणजे आमची संत्री, घेऊन येतो, माफ करा; पण विषय तोच आहे.

आमचे नागपुरी संत्रे बाहेर जाते ते प्रामुख्याने बांगलादेशात. भारत आणि बांगलादेश हे दोघेही साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराचे सदस्य आहेत आणि तो 1 जानेवारी 2006पासून लागू आहे. तरीही बांगलादेशाने संत्र्यावरील आयात कर वर्षागणिक वाढवत नेला. 2023मध्ये तो किलोला सुमारे 88 रुपयांवर गेला. बागेत ज्या संत्र्याला किलोला वीस-पंचवीस रुपये मिळतात त्यावर सीमेवर 88 रुपये. राज्य सरकारने त्यातील निम्मा भार अनुदानाने उचलण्याचे जाहीर केले, तेव्हा आम्ही आनंद मानावा की आपल्याच तिजोरीतून परक्या देशाचा कर भरला जातोय याचे वाईट वाटून घ्यावे, ते आम्हाला ठरवता आले नाही. आता चुरी, म्हणजे बारीक फळांचा, माल रस्त्याच्या कडेला टाकलेला दिसतो तो उगीच नाही.

मी यातून शिकलो ते एवढेच, की करार असला तरी त्यात संवेदनशील वस्तूंची यादी असते आणि आपला माल त्या यादीत कोठे बसतो हे पाहिल्याशिवाय करार आहे की नाही याला अर्थ नाही. ऑस्ट्रेलियाला आपण संत्री-मोसंबीवर 13,700 टनांपर्यंत शुल्क निम्मे करण्याचे मान्य केले आहे. त्यांचा हंगाम आपल्या उलट, जून ते सप्टेंबरचा, म्हणून आमच्या बागांना त्याची झळ लागत नाही. कोणी तरी तेवढा विचार केला असावा असे धरून चालतो.

पेंड आणि तेल (कारंजा लाड)

ताईंच्या प्रश्नाला सोयाबीनच्या बाजूने उत्तर दिले तर ते थोडे वेगळे येते, म्हणून सविस्तर लिहितो. कापसात करारांचा हात लहान आणि अधिसूचनांचा मोठा दिसतो, हे मान्य. खाद्यतेलात मात्र जुन्या सह्यांनी आपले हात पुष्कळ आधी बांधले गेले आहेत.

जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक देश प्रत्येक वस्तूवर शुल्काची एक कमाल मर्यादा लिहून देतो. भारताने पाम तेलावर ती 300 टक्के ठेवली आणि सोयाबीन तेलावर अवघी 45 टक्के. ही मर्यादा लिहून दिली गेली तेव्हा विदर्भात सोयाबीन नुकते कोठे पसरू लागले होते. ते पुढे आपले मुख्य पीक होईल हे कोणाच्या ध्यानात होते, कोणास ठाऊक. मग राहिली पाम तेलाची 300ची भिंत. 13 ऑगस्ट 2009ला बँकॉकमध्ये आसियान या गटातील आग्नेय आशियाई देशांशी करार झाला आणि त्यात आपण मान्य केले, की कच्च्या पाम तेलावरील शुल्क टप्प्याटप्प्याने 2019च्या अखेरीपर्यंत 37.5 टक्क्यांवर आणि शुद्ध केलेल्या पाम तेलावरील 45 टक्क्यांवर आणू. म्हणजे भिंत होती, पण इंडोनेशिया आणि मलेशिया या ज्या दोन देशांकडून पाम तेल येते त्यांच्यासाठीच तिला दार ठेवले गेले. केरळने तेव्हा नारळ-मिरी-रबरासाठी या कराराविरुद्ध रस्त्यावर मानवी साखळी उभी केली होती. आपल्याकडे त्याची कोणी दखलही घेतली नाही. आपण तेव्हा कर्जमाफीच्या याद्यांत नाव शोधत होतो.

नेपाळचा किस्सा याहून मासलेवाईक आहे. तेथे सोयाबीन नावापुरते पिकते. कच्चे तेल दूरच्या देशांतून आणायचे, नेपाळमध्ये शुद्ध करायचे आणि शेजारी देशाच्या सवलतीखाली शून्य शुल्काने भारतात पाठवायचे, असा हा व्यवहार चालतो. करारात मूळ देशाचा नियम असतो, म्हणजे वस्तू खरोखर त्या देशात तयार झाली का किंवा तिच्यात पुरेशी मूल्यवृद्धी झाली का ते पाहायचे असते. सप्टेंबर 2020पासून सीमाशुल्क खात्याने आयातदारावरच याचा पुरावा ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. तरी भारताने तेलावरील शुल्क वाढवले, की काठमांडूच्या वाटेने येणारे तेल वाढते, कारण फरक जितका मोठा तितकी ती वाट फायद्याची.

आता अधिसूचनांची बाजू. ऑगस्ट 2021मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले होते. त्याच महिन्यात कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी मिळाली आणि आमचे नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. लोक तेलाचा जप करतात, परंतु दाण्यात तेल 18 टक्क्यांच्या आसपास आणि पेंड 80 टक्के असते. भाव पेंडीवर जास्त लटकलेला असतो. म्हणूनच सप्टेंबर 2024मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के केले तरी सोयाबीन काही उठले नाही, कारण इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मक्याच्या आणि तांदळाच्या चोथ्याने पेंडीची जागा घेतली होती. आणि मे 2025च्या शेवटी, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, ते 20चे पुन्हा 10 केले.

तेव्हा ताई, माझे उत्तर असे: सह्यांनी छप्पर किती उंच बांधायचे ते ठरवले आणि अधिसूचनांनी त्या छपराखालीही आपल्याला नीट उभे राहू दिले नाही.

शकुंतलेचा प्रवासी (मूर्तिजापूर)

मी निवृत्त शिक्षक आहे आणि वयामुळे मला मागचेच जास्त आठवते, हे आधी कबूल करतो.

1991च्या डिसेंबरात डंकेल मसुदा, म्हणजे ज्यातून पुढे जागतिक व्यापार संघटना झाली तो जागतिक व्यापाराच्या नियमांचा मसुदा, आला तेव्हा आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत दोन तट पडले होते. एका तटाचे म्हणणे, की आता बियाणेही परक्याचे होणार. दुसरा तट शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना मानणारा. जोशींनी डंकेलचे उघड स्वागत केले होते आणि त्यांचा युक्तिवाद आजच्या या धाग्यालाही लागू पडतो: आपल्या शेतकऱ्याला जग लुटत नाही, त्याला घरचेच सरकार निर्यातबंदी आणि स्वस्त आयात करून लुटते, तेव्हा जगाचे नियम आले तर निदान सरकारचे हात बांधले जातील. भारतातील शेतकऱ्याला अनुदान मिळण्याऐवजी उलट त्याच्याकडूनच वसूल होते, म्हणजे उणे सबसिडी आहे, हे त्यांचे गणित होते. कर्नाटकात शेतकरी नेते प्रा. नंजुंडस्वामी नेमके उलट सांगत होते. तीस वर्षांनंतर पाहतो तर भीती घालणाऱ्यांची भीती पुरती खरी झाली नाही. 2001च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, वापरण्याचा, देवाणघेवाणीचा, आणि छापील नाव न लावता विकण्याचाही हक्क कलम 39मध्ये शाबूत आहे. पण जोशींची आशाही फळली नाही, कारण सरकारचे हात बांधले गेले ते वर जाण्यापुरते. शुल्क वाढवायला मर्यादा आली, उतरवायला आली नाही.

एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेचा करार मोरोक्कोतील माराकेश येथे 15 एप्रिल 1994 रोजी झाला. त्याच दिवशी आमच्या शकुंतला रेल्वेचे, 1921 साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि तिला डिझेल लागले. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरचा हा अरुंद मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी टाकला, तो वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तेथून इंग्लंडला नेण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वेगाड्या सरकारच्या झाल्या. ही मात्र कंपनीच्या मालकीची राहिली आणि रेल्वे खाते गाडी चालवून कंपनीला मोबदला देत राहिले. परदेशी गुंतवणुकीचा करार एकदा झाला की तो किती दीर्घायुषी असतो, हे मी पुस्तकात नव्हे, तासाला वीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या डब्यात बसून शिकलो. आता गाडीही बंद आहे.

वणीचा वकील

गुरुजींनी गुंतवणूक कराराचे दार उघडलेच आहे, तर ताईंच्या मूळ शंकेतील त्या अर्ध्या भागाला उत्तर देतो. तो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे अद्याप कोणी वळलेले नाही.

व्यापार करारात देश देशाला वचन देतो. ते मोडले तर तक्रार देशच करतो. द्विपक्षीय गुंतवणूक करारात मात्र परदेशी कंपनीला स्वतःच्या नावाने यजमान देशाच्या सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाता येते. भारताने असा पहिला करार 1994मध्ये इंग्लंडशी केला आणि पुढच्या वीस वर्षांत ऐंशीहून अधिक केले. महाराष्ट्राला त्याचा चटका दाभोळला बसला. एन्रॉनच्या प्रकल्पाचे वीजबिल वीज मंडळाने थकवले, तेव्हा त्यातील भागीदार जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकी कंपन्यांनी मॉरिशसमधील आपल्या उपकंपन्यांमार्फत मॉरिशस कराराचा आधार घेतला, कारण अमेरिकेशी आपला असा करारच नव्हता.

मी कोळशाच्या गावचा आहे, म्हणून दुसरे उदाहरण कोळशाचे देतो. व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी कोल इंडियासाठी झारखंडमधील पिपरवार खाण उभारत होती. वाद झाला, 2002मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने सुमारे 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा निवाडा दिला, कोल इंडिया तो रद्द करून घेण्यासाठी कोलकात्याच्या उच्च न्यायालयात गेली आणि प्रकरण नऊ वर्षे लोंबकळले. कंपनीने मग गुंतवणूक कराराचा आधार घेतला. आता चातुर्य पाहा: ऑस्ट्रेलियाच्या करारात न्याय मिळवण्याच्या परिणामकारक साधनाची हमी नव्हती, ती कुवेतशी झालेल्या आपल्या करारात होती, सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राच्या कलमाने, म्हणजे एका देशाला दिलेली सवलत दुसऱ्यालाही मिळवून देणाऱ्या कलमाने, ती कुवेतची हमी ऑस्ट्रेलियन कंपनीने उचलून आणली. नोव्हेंबर 2011मध्ये लवादाने ठरवले, की भारतीय न्यायालयांचा विलंब हाच कराराचा भंग आहे, आणि भरपाई द्यायला लावली. आमच्या तालुका न्यायालयात बांधाचा एक दावा माझ्या अशिलाच्या वडिलांनी लावला होता. तो आता नातू चालवतो.

पुढे व्होडाफोन आणि केर्न या परदेशी कंपन्यांनी पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या व्यवहारांवर मागाहून लावलेल्या, कराविरुद्ध 2020मध्ये निवाडे मिळवले आणि ऑगस्ट 2021मध्ये तो कर कायद्यातूनच काढावा लागला. दरम्यान, सरकारने धडा घेतला होता. डिसेंबर 2015मध्ये नवा आदर्श मसुदा केला, त्यात कंपनीने आधी पाच वर्षे येथील न्यायालयांत दाद मागावी अशी अट घातली, न्याय्य व समतोल वागणुकीचे मोघम कलम वगळले, करविषयक बाबी बाहेर ठेवल्या आणि जुने बहुतेक करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. संयुक्त अरब अमिरातीशी 2024मध्ये झालेल्या करारात ती पाच वर्षांची अट तीनवर आली आहे.

म्हणजे धोरण अचानक बदलले तर भांडवल लावणाऱ्याचे नुकसान होते, आणि त्याची काही जबाबदारी सरकारवर येते, हे तत्त्व भारताने परक्यांपुरते का होईना मान्य केलेले आहे. घरच्यांसाठी ते लागू नाही. सीमाशुल्क कायदा 1962च्या कलम 25नुसार केंद्र सरकार सार्वजनिक हितासाठी कोणत्याही वस्तूला शुल्कमाफी देऊ शकते. अशी एक माफी जाहीर मुदतीच्या आधीच मागे घेतली म्हणून काही आयातदार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. कासिंका ट्रेडिंगच्या त्या खटल्यात 1994मध्ये न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक हित असेल तर सरकार वचनाला बांधलेले नाही. तेव्हा व्यापाऱ्यालाही जे मिळाले नाही ते जूनमध्ये कर्ज काढून सरकी डोबणाऱ्याला मिळेल, अशी आशा मी एखाद्या अशिलाला देणार नाही.

घटनेतील एक गंमत सांगून थांबतो. शेती हा विषय राज्यसूचीत 14व्या क्रमांकावर आहे. परदेशांशी करार करणे हा विषय संघसूचीत आहे, आणि त्याचाही क्रमांक 14च आहे. कलम 253 असल्यामुळे दोन्ही 14 समोरासमोर आले तर दिल्लीचे जिंकते, आणि असा करार लागू होण्याआधी संसदेची मंजुरी घेण्याचे बंधनही आपल्याकडे नाही.

संत्राबाग (वरूड)

वकीलसाहेब, स्वित्झर्लंड-नॉर्वेवाल्या करारात 100 अब्ज डॉलरची गुंतवणूक येणार असे ऐकतो. ती न आल्यास आपणही लवादात जायचे का?

वणीचा वकील

नाही, दादा. एफ्टाच्या, म्हणजे स्वित्झर्लंड-नॉर्वे असलेल्या गटाच्या, त्या करारावर 10 मार्च 2024ला सह्या झाल्या आणि तो 1 ऑक्टोबर 2025पासून लागू आहे. पहिल्या दहा वर्षांत 50 अब्ज आणि त्यापुढील पाच वर्षांत आणखी 50 अब्ज डॉलर हे उद्दिष्ट आहे. स्विस कंपनीला अमरावतीत कारखाना काढच असे त्यांचे सरकारही सांगू शकत नाही. उद्दिष्ट पुरे झाले नाही तर सल्लामसलत, मग वाढीव मुदत, आणि तरीही काही घडले नाही तर भारताला आपल्या शुल्क-सवलती त्या प्रमाणात मागे घेता येतात. तेवढीही तरतूद आपल्या आधीच्या करारांत नव्हती, म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही.

काळी माती (घाटंजी तालुका)

सर्वांचे आभार. पेंडवाल्या भाऊंचे छपराचे उत्तर आणि वकीलसाहेबांचे कलम 25, या दोहोंमुळे माझा प्रश्न थोडा बदलला. करार उलटवणे आपल्या आवाक्यातले नाही आणि कापसापुरती त्याची गरजही दिसत नाही. अधिसूचना कधी काढावी, एवढे मागता येईल का? आमच्या शेतकरी उत्पादक गटाकडून खासदारांना द्यायच्या निवेदनात एकच मागणी लिहिली आहे: "कापसावरील आयात शुल्कात कोणताही बदल 1 जून ते 31 मार्च या काळात करू नये." अशी अट एखाद्या कराराच्या आड येते का?

वणीचा वकील

येत नाही. लिहून दिलेल्या मर्यादेच्या आत शुल्क केव्हा बदलायचे हा पूर्णपणे घरचा प्रश्न आहे.

रेचा (हिंगणघाट)

ताई, तारीख चुकते आहे. ठोका गुढीपाडव्याला ठरतो आणि बियाण्याचे पैसे मे महिन्यात जुळवले जातात. एप्रिलमध्ये शुल्क फिरवले तर ठोका घेऊन बसलेला माणूस अडकलाच. शिवाय गिरणीवालेही लगेच विचारतील, की 2022सारखी खंडी लाखावर गेली तर आम्ही काय करायचे. त्यापेक्षा असे लिहा, की जो बदल करायचा तो फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात जाहीर करावा आणि पुढील 1 ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या कापूस वर्षापासून लागू करावा. मध्येच माफी द्यावीच लागली तर ती कोट्याने मर्यादित असावी आणि तोवर हंगामातील बहुतांश कापूस बाजारात येऊन गेलेला असावा. 11 टक्केही 2021च्या फेब्रुवारीतच आले होते, त्यामुळे हे काही जगावेगळे मागणे होत नाही.

काळी माती (घाटंजी तालुका)

बदल केला. पाडव्याची गोष्ट मी स्वतः ठोक्याने करत असून माझ्या लक्षात आली नाही. गटाच्या बैठकीत आणखी एक दुरुस्ती आली: सातबारा ज्याच्या नावावर नाही अशा ठोकेदाराची नोंदणी कशी व्हावी, हे त्याच निवेदनात घ्यावे की स्वतंत्र द्यावे यावर दोन मते पडली. शुल्काचा विषय दिल्लीचा आणि नोंदीचा मुंबईचा असल्यामुळे दोन कागद करायचे ठरले. दुसऱ्या कागदाचा मसुदा उद्या रात्री येथेच टाकते.